टेस्ट पॅटर्न (वेगवान एडीसीची चाचणी)

सदृश (अ‍ॅनलॉग) संकेताचे अंकांत रूपांतर करणाऱ्या एडीसी चिपने मुद्दाम पाठवलेली, आधीच ठाऊक असलेली बिटांची माळ. पॅटर्न सुरू असेपर्यंत इनपुटला काय जोडले आहे याचा आउटपुटशी संबंध उरत नाही, त्यामुळे पुढच्या एफपीजीएत (आतली जोडणी हवी तशी ठरवता येणाऱ्या, हे बिट वाचणाऱ्या चिपमध्ये) आलेला शब्द, म्हणजे एका नमुन्याचा बिटगट, बरोबर की चूक हे निःशंकपणे सांगता येते. ‘चाचणी-आकृतिबंध’ असा मराठी शब्द करता येईल. पण इंदूरच्या रामबागेतला मराठी अभियंताही ‘पॅटर्न लावून बघ’ असेच म्हणेल, म्हणून इथे तोच शब्द ठेवला आहे.

१२ बिटांचा एडीसी सेकंदाला ६.५ कोटी नमुने एकाच एलव्हीडीएस जोडीवरून (कमी व्होल्टेजच्या फरकाने वेगाने बिट पाठवणाऱ्या दोन तारांवरून) पाठवत असेल, तर एका बिटाच्या वाट्याला जेमतेम १.२८ नॅनोसेकंद येतात. एफपीजीएने बिट त्याच्या कडेपाशी, म्हणजे ० चा १ किंवा १ चा ० होताना, वाचला की मधूनच चुकीचे आकडे येतात. ते गोंगाटासारखे दिसतात आणि दोष विनाकारण अ‍ॅम्प्लिफायरवर जातो.

इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्रातील इंडस-२ या २.५ गिगाइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या सिंक्रोट्रॉनमध्ये (इलेक्ट्रॉन वेगाने फिरवणाऱ्या वर्तुळाकार यंत्रात) इलेक्ट्रॉन सुमारे १७२.५ मीटर परिघाच्या वर्तुळात सेकंदाला १७ लाखांहून अधिक फेऱ्या मारतात. अशा यंत्रांत इलेक्ट्रॉनांच्या किरणपुंजाचे स्थान मोजायला वेगवान एडीसी लागतात. सर्वांत वरचा एक बिट उलटला, तर वाचन पूर्ण पल्ल्याच्या निम्म्याने उडते. किरणपुंज मात्र जागचा हललेलाही नसतो.

कोणता पॅटर्न निवडावा, हा खरा कौशल्याचा भाग. सगळे ० किंवा सगळे १ यांतून एखादी तुटलेली तार सापडते, फार काही नाही. प्रत्येक शब्दात तोच १०१०… पाठवला, तर कडा भरपूर मिळतात आणि वाचनाचा क्षण बिटाच्या मध्यावर आणता येतो. पण शब्द २ बिटांनी सरकला तरी माळ तशीच दिसते! काही चिपा एकाआड एक शब्द उलटवतात, तेव्हा ही चूक उघडी पडते. ११११०००० मध्ये सरकणे कळते, मात्र बिटांचा क्रम उलटा जोडला गेला असेल तर तेही ४ बिटांच्या सरकण्यासारखेच दिसते. ११०१०००० मध्ये दोन्ही चुका वेगळ्या ओळखू येतात. माझ्या मते जुळणीसाठी, म्हणजे शब्द नेमका कुठे सुरू होतो हे ठरवण्यासाठी, असाच असममित शब्द आधी लावावा.

रॅम्प नावाच्या पॅटर्नमध्ये प्रत्येक आकडा मागच्यापेक्षा १ ने वाढतो. अडकलेला किंवा अदलाबदल झालेला बिट त्यात लगेच सापडतो. पीएन९ ही छद्म-यादृच्छिक (दिसायला विस्कळीत, पण ठरावीक नियमाने बनणारी) माळ ५११ बिटांनी, तर पीएन२३ ही ८३,८८,६०७ बिटांनी पुन्हा सुरू होते. तीच माळ एफपीजीएत तयार करून तासन्‌तास तुलना करता येते, त्यामुळे क्वचित होणाऱ्या चुका याच पॅटर्ननी पकडाव्यात.

यातून सदृश भाग तपासला जात नाही. त्यासाठी शुद्ध साइन तरंग देऊन वर्णपट पाहावाच लागतो. शिवाय बोर्ड तापला की विलंब बदलतात, म्हणून गरम अवस्थेत चाचणी पुन्हा करावी. मोजमाप चालू असताना मात्र पॅटर्न लावता येत नाही. अशा वेळी फ्रेम घड्याळ, म्हणजे प्रत्येक शब्दाची सुरुवात दाखवणारा वेगळा संकेत, कामी येते. डेटाबरोबरच धावणारी त्याची आकृती, १२ बिटांसाठी ११११११००००००, कधी बदलत नाही. ती बिघडली की जुळणी सुटली हे एफपीजीएला तत्क्षणी कळते.