ड्राइव्ह (इंग्रजी क्रियापद)

‘ड्राइव्ह’ हे इंग्रजीतले अनियमित क्रियापद; रूपे ड्राइव्ह, ड्रोव्ह, ड्रिव्हन. आज त्याचा पहिला अर्थ मोटार चालवणे असा सांगतात, पण मुळात अर्थ होता गुरे मागून हाकत पुढे नेणे. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद ‘द्रीफान’ असे होते. जर्मनमधले ‘ट्रायबेन’ त्याचे सख्खे भावंड. हाकत नेलेल्या कळपाला इंग्रजीत अजूनही ‘ड्रोव्ह’ हेच नाम आहे. गुरांवरून शब्द जनावरे जुंपलेल्या गाडीवर आला आणि पुढे मोटारीवर. मराठीतले ‘हाकणे’ही बैलगाडीवरून असेच मोटारीत येऊन बसले आहे.

मागून लावलेला जोर हा गाभा धरला, की बाकीचे अर्थ आपोआप उलगडतात. खिळा भिंतीत ‘ड्राइव्ह’ करतात, म्हणजे ठोकतात. मुद्दा ‘ड्राइव्ह होम’ करणे म्हणजे तो समोरच्याच्या गळी उतरवणे. तिथे घराचा काही संबंध नाही. ‘व्हॉट आर यू ड्रायव्हिंग अ‍ॅट?’ म्हणजे ‘तुमच्या बोलण्याचा रोख कुणीकडे आहे?’ ‘ड्राइव्ह मॅड’चे भाषांतर ‘वेड लावणे’ असे केल्यास घोटाळा होतो. इंग्रजीत त्यात बहुधा वैताग असतो. मराठीत गाणेही वेड लावते.

खरी गोची दुचाकीची. इंग्रजीत मोटार, बस, ट्रॅक्टर ‘ड्राइव्ह’ करतात; घोडा, सायकल, मोटारसायकल यांवर मांड टाकून बसायचे, म्हणून तिथे ‘राइड’. मराठीत सायकल काय नि ट्रक काय, आपण ‘चालवतो’च, त्यामुळे ‘आय ड्राइव्ह अ बाइक’ सहज तोंडी येते. मास्तर त्यावर लाल रेघ मारतात, पण कायद्याची भाषा वेगळी आहे: 1988च्या मोटार वाहन कायद्याच्या इंग्रजी पाठात दुचाकीसुद्धा ‘ड्राइव्ह’च केली जाते आणि तिच्यासाठी लागतो तोही ड्रायव्हिंग परवानाच. त्याच कायद्यात दुसऱ्या गाडीने ओढत नेलेल्या बंद गाडीचे सुकाणू धरणाराही ‘ड्रायव्हर’ ठरतो.

नाम म्हणून हा शब्द मराठीत चांगलाच रुळला आहे: लाँग ड्राइव्ह, कॉलेजातला प्लेसमेंट ड्राइव्ह, क्रिकेटमधला कव्हर ड्राइव्ह. संगणकाच्या डिस्क ड्राइव्हमध्ये तबकडी फिरवणारी मोटर असते. पेन ड्राइव्हमध्ये फिरणारे काहीच नसते, पण नाव टिकून आहे.