झेड ड्राइव्ह दिसत नाही? सर्व्हरचं बटण दाबण्याआधी हे वाचा

तुमच्या ऑफिसात आम्ही बसवलेल्या सर्व्हरला तुमच्याकडे सगळे ‘झेड’ म्हणतात. ‘झेडमध्ये टाकलंय’, ‘झेड बंद पडला’. म्हणा, आमची हरकत नाही. पण झेड हे त्या पेटीचं नाव नव्हे. तुमच्या कॉम्प्युटरवरून पेटीतल्या फोल्डरपर्यंत जाणाऱ्या वाटेचं ते नाव आहे. आम्हाला फोन येतो तेव्हा बहुतेक वेळा पेटी ठणठणीत असते, वाट अडलेली असते.

म्हणून आधी एक विनंती. झेड दिसेना म्हणून सर्व्हरचं बटण दाबून धरू नका. तुम्हाला दिसत नसला तरी पलीकडच्या टेबलावर कुणीतरी त्यातच काम करत असतं, आणि लिहिणं चालू असताना वीज तोडली तर उघडी फाइल खराब होऊ शकते.

कुठून सुरुवात करायची

शेजारी विचारा: ‘तुझ्याकडे झेड उघडतोय का?’ उघडत असेल तर दुखणं तुमच्याच कॉम्प्युटरचं आहे. कुणाकडेच उघडत नसेल तर नेटवर्क स्विचकडे जा, म्हणजे भिंतीवरच्या त्या हिरव्या दिव्यांच्या चपट्या डब्याकडे. दिवे बंद असतील तर मोबाइल चार्ज करायला कुणीतरी त्याचा अॅडॉप्टर काढून ठेवला आहे, असं समजा. हसू नका, आम्ही यासाठी पंचवीस किलोमीटर गाडी मारून आलो आहोत.

फक्त तुमच्याकडेच दिसत नसेल तर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे सर्व्हरच्या स्टिकरवरचा आयपी पत्ता टाका. फोल्डर उघडले तर वाट शाबूत आहे, फक्त झेड हे अक्षर सुटलं आहे. ते पुन्हा जोडायचं, झालं. एक अपवाद आहे. अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडलं की बाकी सगळीकडे दिसणारा झेड नेमका त्याच सॉफ्टवेअरला दिसत नाही. विंडोज त्याला वेगळा माणूस समजतं. तिथे झेडऐवजी आयपीचा पूर्ण पत्ता द्या.

पासवर्डचा घोळ वेगळा. कॉम्प्युटर उघडण्याचा पासवर्ड आणि सर्व्हरचा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक बदलला म्हणून दुसरा बदलत नाही. शिवाय एकाच कॉम्प्युटरवरून एकाच सर्व्हरला दोन नावांनी विंडोज जाऊ देत नाही. साहेबांच्या नावाने एक फोल्डर उघडून ठेवलात, तर तुमच्या नावाने दुसरा उघडणार नाही. कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि एकाच नावाने आत जा.

नवा लॅपटॉप, जुना स्कॅनर

पूर्वी बऱ्याच ऑफिसांत बिनपासवर्डाचे शेअर्ड फोल्डर असत. विंडोज ११ प्रोची २०२४ची २४एच२ आवृत्ती असं ‘पाहुणा’ म्हणून आत शिरणं मुळातच अडवते. त्यामुळे जुना कॉम्प्युटर उघडतो आणि नवा लॅपटॉप उघडत नाही, असं चित्र दिसतं. लॅपटॉप बिघडलेला नसतो. तुमच्या नावाचं खातं सर्व्हरवर उघडून देणं हा खरा उपाय.

यूट्यूबवर ‘एसएमबी वन चालू करा’ असा सल्ला मिळेल. एसएमबी वन म्हणजे नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याची जुनी पद्धत. करू नका. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर याच जुन्या पद्धतीतल्या भोकातून जगभर पसरलं होतं. कोपऱ्यातल्या जुन्या झेरॉक्स मशीनचा स्कॅनर याच पद्धतीवर अडून बसला असेल, तर त्याला ईमेलने किंवा पेन ड्राइव्हवर स्कॅन करायला लावू. एका मशीनसाठी सगळं ऑफिस उघडं टाकायचं नाही.

झेड फार हळू चालतो

ऐन लग्नसराईत एका छापखान्यातून फोन आला: पत्रिकांच्या फाइली उघडायला युगं लागतात, मोठा सर्व्हर द्या. जाऊन पाहिलं तर एकाच टेबलावर लिंक स्पीड, म्हणजे केबलवरचा वेग, १००० मेगाबिटऐवजी १०० दाखवत होता. खाली वाकलो. चाकाच्या खुर्चीने रोज केबलवरून ये-जा करून ती पापडासारखी चपटी केली होती. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०००ला चारही लागतात, १०० दोनवर भागवतं. उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली तरी काम बंद पडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण सेकंदाला ११० एमबीच्या आसपास येणारी फाइल ११वर येते. केबल बदलली, सर्व्हर विकला नाही.

मराठी नावांच्या फाइली

हे कुणी सांगत नाही. सर्व्हरवर फाइलच्या नावाला २५५ बाइट्सची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीत प्रत्येक अक्षराला, मात्रेला, अनुस्वाराला आणि जोडाक्षरातल्या हलन्तालाही तीन-तीन लागतात. ‘विद्यार्थ्यांच्या’ हा एकटा शब्द ५१ बाइट्स खातो. त्यामुळे विषय, संदर्भ, तारीख सगळं नावात कोंबलेली फाइल कॉम्प्युटरवर सेव्ह होते आणि झेडवर जात नाही. नाव मराठीतच ठेवा, आखूड ठेवा. तारीख आकड्यांत आणि तपशील फोल्डरच्या नावात.

दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे

पेटीत ४ टीबीच्या दोन डिस्क आहेत. एकीवर लिहिलेलं तसंच्या तसं दुसरीवर उतरतं, म्हणून जागा ८ नव्हे, ४ टीबीच मिळते. विंडोज ती ३.६च्या आसपास दाखवतं, कारण डिस्क बनवणारे १०००च्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४च्या. एक डिस्क मेली तर दुसरी सांभाळून घेते, एवढंच. चुकून उडवलेली फाइल दोन्हीकडून एकाच क्षणी उडते, आणि नेटवर्कवरची फाइल तुमच्या रिसायकल बिनमध्येही जात नाही. आम्ही सर्व्हरवर ‘कचरापेटी’ नावाचा फोल्डर ठेवला आहे, त्यात ती ३० दिवस राहते. खरा बॅकअप म्हणजे ती बाहेरची यूएसबी डिस्क. शुक्रवारी संध्याकाळी लावा, शनिवारी काढून घरी न्या. लावलेली राहिली तर व्हायरस तिलाही सोडत नाही.

फोन कराल तेव्हा स्क्रीनवरच्या संदेशाचा फोटो, कोणतं टेबल, आणि शेजारी झेड उघडतोय की नाही, एवढं सांगा. ‘चालत नाही’ एवढ्यावरून आम्हाला निघावं लागतं, आणि येण्याचे पैसे बिलात लागतात.