मॉडेलची ऑर्डर देताना चित्रपटातला फोटो नको
(विमानांची लाकडी मॉडेल्स बनवून घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

"फोटो पाठवला होता ना, मग परत परत काय विचारता?" हे आम्हाला जवळजवळ रोज ऐकावं लागतं. विचारतो, कारण पाठवलेला फोटो बऱ्याचदा युद्धातला नसून युद्धपटातला असतो. नाटकात अफझलखान झालेले गृहस्थ घरी कुलकर्णी असतात, तशीच पडद्यावरची विमानं असतात. फोटोबरहुकूम मॉडेल केलं की समारंभात हवाई दलातून निवृत्त झालेले कुणी काका ते हातात घेऊन म्हणतात, "हे मेसरश्मिट नाही." मग मॉडेल आमच्याकडे परत येतं.

सगळ्यात जास्त घोळ याच मेसरश्मिट १०९ चा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ विमानाचा, होतो. १९६९ च्या 'बॅटल ऑफ ब्रिटन' या चित्रपटात जर्मन म्हणून उडणारी ही विमानं खरं तर स्पेनची, हिस्पानो बुचोन जातीची होती. स्पेनने दुसऱ्या महायुद्धात जर्मनीकडून हे विमान बनवायचा परवाना घेतला, पण जर्मन इंजिनं काही मिळाली नाहीत. शेवटी १९५० च्या दशकात त्यात रोल्स-रॉइसचं मर्लिन बसवलं. समोरच्या ब्रिटिश स्पिटफायर लढाऊ विमानाचं इंजिनही मर्लिनच, म्हणजे चित्रपटात दोन्ही बाजूंना एकाच घराण्याची इंजिनं घुमत होती! त्यातली जर्मन हाइंकेल बाँबर्सही स्पेनमध्येच बनलेली आणि त्यांनाही मर्लिनच.

इंजिन तर आत झाकलेलं असतं, त्याने मॉडेलला काय फरक पडतो, असं विचाराल. फरक नाकाचा पडतो. जर्मन डेम्लर-बेंझ इंजिन उलटं बसवलेलं असतं, सिलिंडर खाली लोंबणारे, त्यामुळे धुराच्या नळ्यांची ओळ नाकाच्या खालच्या भागात येते. मर्लिनचे सिलिंडर वरच्या बाजूला, म्हणून बुचोनच्या नळ्या नाकावर उंच दिसतात. शिवाय बुचोनला खाली फुगीर हनुवटी आहे आणि पंखा चार पात्यांचा. १९४० च्या मेसरश्मिटचा पंखा तीन पात्यांचा. १:४८ मापात मेसरश्मिटचं अख्खं विमान पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जेमतेम २०-२१ सेंटिमीटर, पण नळ्या जराशा वर सरकल्या तरी जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही.

'डंकर्क' (२०१७) पाहून येणारे पिवळ्या नाकाचं जर्मन विमान मागतात. प्रेक्षकाला शत्रू चटकन ओळखू यावा म्हणून दिग्दर्शकाने ते नाक पिवळं केलं. प्रत्यक्षात ती पिवळी नाकं डंकर्कची लढाई उरकल्यावरची. 'टोरा! टोरा! टोरा!'मधली जपानी झीरो लढाऊ विमानं म्हणजे अमेरिकन टेक्सन ही प्रशिक्षण विमानं, थोडी कापून-जोडून रंगवलेली. त्यांचंच भावंड हार्वर्ड आपल्या हवाई दलातही शिकाऊ वैमानिकांसाठी होतं, तेव्हा जुनी मंडळी लगेच ओळखतात. आणि 'टॉप गन'मधलं काळं मिग-२८ जगात कुठेच नाही. ते अमेरिकन एफ-५ आहे.

निर्मात्यांना नावं ठेवायचा आमचा हेतू नाही. लढाई संपली की विमानं भंगारात गेली, उडण्याजोगी उरली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मग मिळेल ते उडवायचं. फक्त त्यांची तडजोड तुमच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात येऊ नये, एवढंच.

तेव्हा ऑर्डर देताना आम्हाला चार गोष्टी कळवा: विमानाचं नाव, त्याचा मार्क (आवृत्तीचा क्रमांक) किंवा प्रकार, साल आणि स्क्वॉड्रन, म्हणजे हवाई दलातली तुकडी. साल विसरू नका. नुसतं 'स्पिटफायर' म्हटलं तर आमचं काम अडतं, कारण १९४० ची आणि १९४४ ची यांच्यात पंख्याच्या पात्यांपासून फरक आहे, आणि चित्रपटांत उडणारी बरीचशी स्पिटफायर नंतरच्या काळातली असतात. घरातल्या कुणाच्या आठवणीसाठी मॉडेल हवं असेल तर जुना फोटो, लॉगबुकचं (वैमानिकाच्या उड्डाणांच्या नोंदवहीचं) पान, काहीही आणा. धूसर असला तरी तो फोटो चित्रपटातल्या फोटोपेक्षा शंभरपट उपयोगी. नाव-साल ठाऊक नसेल तर दुकानात येऊन बसा, शोधून काढू. त्याचे पैसे घेत नाही.

आम्ही आधी कागदावर तीन बाजूंचं रेखाटन देतो आणि त्यावर तुमची सही झाल्याशिवाय शिवणीच्या लाकडाला हात लावत नाही. काहींना ही कटकट वाटते. पण लाकूड तासता येतं, परत वाढवता येत नाही. नळ्यांची भोकं चुकीच्या जागी पडली तर लांबी (पुट्टी) भरून, घासून, पुन्हा सगळं नाक रंगवावं लागतं, आणि त्यात नव्या ऑर्डरीचे दिवस जातात. म्हणून सहीनंतरच्या बदलांचा खर्च वेगळा लागेल. अर्धी रक्कम आगाऊ.

चित्रपटातलंच विमान हवं असेल तर तेही आनंदाने करून देऊ. मात्र खालच्या पितळी पट्टीवर 'हिस्पानो बुचोन' असंच कोरू, 'मेसरश्मिट' नाही. या बाबतीत आम्ही ऐकत नाही.

बडोदेकरांसाठी खास सुचवतो ते ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ व्या, 'बडोदा' नावाच्या स्क्वॉड्रनचं स्पिटफायर मार्क ६. गायकवाडांच्या देणगीमुळे आपल्या गावाचं नाव त्या तुकडीला लागलं. फार उंचावर उडण्यासाठी केलेलं हे विमान: लांबवलेली टोकदार पंखटोकं, चार पात्यांचा पंखा आणि हवाबंद कॉकपिट, ज्याची काच उडताना सरकवता येत नसे. हे विमान चित्रपटांत सहसा दिसत नाही, त्यामुळे चुकीचा फोटो हाती यायची भीतीही कमी! आता इथेच जुळणी होणाऱ्या सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाचीही मागणी सुरू झाली आहे. १:७२ आणि १:४८ मापातले नमुने दुकानात ठेवले आहेत, हाताळून बघायला हरकत नाही. फक्त पंख धरून उचलू नका.