मूलपेशीदान आणि नाळरक्तदान (मुंबई)

रक्त तयार करणाऱ्या निरोगी मूलपेशी दुसऱ्याला देणे म्हणजे मूलपेशीदान. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया अशा आजारांत रुग्णाची बिघडलेली अस्थिमज्जा (हाडांतला रक्त तयार करणारा मऊ गर) औषधांनी नष्ट करतात आणि दात्याच्या पेशी रक्तासारख्याच शिरेतून चढवतात. भारतातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण मार्च १९८३ मध्ये परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. रुग्ण ९ वर्षांची मुलगी होती, दाता तिचा भाऊ. टाटाचा हा विभाग आता खारघरला आहे. थॅलेसेमियाग्रस्त मुलांसाठी महापालिकेचे प्रत्यारोपण केंद्र बोरिवलीत आहे.

अडचण असते ती दाता मिळण्याची. इथे रक्तगट नव्हे, एचएलए, म्हणजे आईवडिलांकडून आलेल्या पेशींवरच्या ओळखखुणा, जुळावे लागते. सख्ख्या भावंडाशी ते पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्केच. त्यामुळे बहुतेकांना परक्या दात्याची वाट पाहावी लागते. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या लग्ने जातीतच होत आल्याने असा दाता बहुधा स्वतःच्याच समाजात सापडतो. एखाद्या आगरी, कोळी किंवा कच्छी मुलासाठी परदेशी नोंदणीतली लाखो नावे म्हणूनच अनेकदा निरुपयोगी ठरतात. इथल्या तरुणांनी नाव नोंदवण्यावाचून पर्याय नाही.

नोंदणीसाठी गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून नमुना घेतात. एचएलए जुळलेच, तर चार-पाच दिवस पेशी वाढवणारी इंजेक्शने देतात. त्या दिवसांत अंग आणि हाडे दुखतात. मग एका हाताच्या शिरेतून रक्त यंत्रात जाते, मूलपेशी वेगळ्या होतात आणि उरलेले रक्त दुसऱ्या हातातून परत येते. यात काही तास जातात, पण दाता जागाच असतो. ‘मणक्यातून पाणी काढतात’ ही भीती निराधार आहे. क्वचित मज्जाच काढावी लागली, तर ती भूल देऊन कमरेच्या हाडातून काढतात.

नाळरक्ताचे पहिले प्रत्यारोपण १९८८ मध्ये पॅरिसला झाले. बाळ जन्मल्यावर नाळ कापली, की वारेत उरलेले हे मूलपेशी असलेले रक्त पिशवीत घेऊन द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवतात. त्यात एचएलए थोडे कमी जुळले तरी चालते, पण पेशी मोजक्याच मिळत असल्याने मोठ्या माणसाला त्या अपुऱ्या पडू शकतात. ‘बाळाचा आयुष्यभराचा विमा’ म्हणून खासगी पेढ्या जे विकतात, त्याला मात्र फारसा आधार नाही: बाळाला थॅलेसेमिया असेल, तर तो आनुवंशिक दोष त्याच्या नाळरक्तातही असतोच. निरोगी बाळाचे नाळरक्त पुढे त्याच्याच कामी येईल म्हणून साठवण्याची शिफारस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदही करत नाही. घरातल्या मोठ्या भावंडालाच असा आजार असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे ते जरूर जपावे.

दात्याला केव्हाही माघार घेता येते. मात्र रुग्णाची मज्जा नष्ट केल्यानंतर माघार घेतली, तर त्याचा जीव जाऊ शकतो. बऱ्याचदा नकार दात्याचा नसतोच, आईवडिलांचा किंवा सासरचा असतो. म्हणून घरी बोलणे नोंदणीच्या आधीच झालेले बरे.