बायसनच्या जागी काळवीट

बारावीला परिसंस्था शिकवताना मी एकदा भिंतीवर एक पान दाखवलं. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या 'ओपनस्टॅक्स' उपक्रमाचं जीवशास्त्राचं पाठ्यपुस्तक, त्यातला गवताळ प्रदेशांचा भाग. पानावर बायसनचं चित्र होतं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, हा गवा आहे का?" विचारणारा मुलगा नान्नजकडून रोज एसटीने सोलापूरला येतो. त्याच्या वाटेवर माळरान आहे, माळावर काळविटांचे कळप आहेत, आणि 1979 साली जाहीर झालेलं माळढोक अभयारण्य तर त्याच्या गावाला लागूनच आहे. गवताळ प्रदेश त्याच्या दारात असताना मी त्याला तो अमेरिकेच्या प्रेअरीवरून समजावत होते. त्या दिवशी मला हे फार लागलं.

घरी गेल्यावर मी ते पान उघडलं आणि बदलायला घेतलं. यासाठी कुणाची परवानगी लागली नाही, कारण ती पुस्तकातच छापलेली आहे: मूळ कर्त्यांचं नाव द्या, बदल केला असेल तर तसं सांगा, मग भाषांतर करा, कापा, जोडा, वाटा. जीवशास्त्राचं हे पुस्तक 2013 साली आलं, दुसरी आवृत्ती 2018 साली. विषयतज्ज्ञांनी तपासलेलं आहे, आणि वाचकांनी दाखवलेल्या चुका व त्यांवरच्या दुरुस्त्या सगळ्यांना दिसतील अशा मांडलेल्या असतात.

'फुकट' आणि 'मुक्त' यांत आपल्याकडे नेहमी गल्लत होते. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात आणि त्याचा मोठा आधार आहे, पण त्यांचे हक्क राखीव आहेत. त्यातलं चित्र उचलून, बदलून स्वतःच्या पुस्तिकेत घालायचं तर लेखी परवानगी हवी. यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओही असेच: बघायला मोकळे, हात लावायला नाहीत. काही वर्षांपूर्वी पेशीविभाजनाची एक सुंदर आकृती मराठी नावांसह वर्गात वाटायला मिळावी, म्हणून मी एका परदेशी प्रकाशकाला पत्र लिहिलं होतं. उत्तर कधीच आलं नाही. आकृती माझ्यासमोर होती, मुलं समोर होती, आणि मध्ये एक न आलेलं पत्र होतं.

ही अडचण ओळखूनच 2001 साली 'क्रिएटिव्ह कॉमन्स' ही संस्था उभी राहिली आणि पुढच्या वर्षी तिचे पहिले परवाने आले. 2002 सालीच युनेस्कोच्या पॅरिसमधल्या बैठकीत 'मुक्त शैक्षणिक साधनं' ही संज्ञा रूढ झाली, आणि 2019 साली युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने त्याबद्दलची शिफारस मंजूर केली. परवान्यांचे प्रकार शिक्षकाने एकदा नीट समजून घ्यावेत. 'सीसी बाय' म्हणजे फक्त श्रेय द्या. 'शेअर अलाइक' म्हणजे तुम्ही केलेला बदलही त्याच अटींवर इतरांना द्या. 'नॉन कमर्शियल' म्हणजे त्यावर धंदा नको. आणि 'नो डेरिव्हेटिव्ह्ज' लिहिलेलं असेल तर थांबा, त्याचं भाषांतर करून वाटता येत नाही. मराठी शिक्षकाच्या दृष्टीने ती शेवटची अट म्हणजे बंद दार.

आता त्या पानाकडे वळते. मला वाटलं होतं, बायसनच्या जागी काळवीट ठेवलं की झालं. तसं झालं नाही. प्रेअरी समशीतोष्ण प्रदेशातली, हिवाळ्यात बर्फाखाली जाणारी. आपलं माळरान उष्ण कटिबंधातलं; पाऊस वर्षाला 500-600 मिलिमीटरच्या आसपास, तोही काही महिन्यांत उरकणारा, जमीन उथळ आणि मुरमाड. बायसन कित्येकशे किलोचा, काळवीट नर 35-40 किलोचा. त्यामुळे गवतावरचा भार वेगळा, शिकारी वेगळा. तिथे आता बरीचशी जमीन मक्या-गव्हाखाली गेली आहे, इथे माळावर लांडगाही आहे आणि धनगरांची मेंढरंही. एक चित्र बदलायला गेले आणि सगळा परिच्छेद नव्याने लिहावा लागला. कायम राहिलं ते गवताचं मूळ गणित. गवताची वाढ पात्याच्या टोकातून होत नाही, बुडाशी होते. म्हणून वरून कुरतडलं तरी ते पुन्हा वाढतं, आणि म्हणूनच चरणारे प्राणी आणि गवत लाखो वर्षं एकत्र नांदू शकतात. त्याच्या साठ्याचा मोठा भाग जमिनीखाली, मुळांमध्ये असतो. सरकारी नोंदींत अशा माळांचा बराच भाग 'पडीक' म्हणून लागतो. एका अंड्यावर पुढची पिढी टांगणारा, तेही उघड्या जमिनीवर घालणारा माळढोक ज्या जमिनीवर जगत आला, तिला पडीक म्हणताना मला त्रास होतो. त्या पानावर मी हे वाक्य घातलं, आणि ते घालायची मोकळीक मला परवान्याने दिली.

मग ज्वारी. प्रकाशसंश्लेषणाच्या सी-4 पद्धतीचं उदाहरण म्हणून मी वर्षानुवर्षं मका सांगत आले. सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीच्या मुलखात! रब्बीची ज्वारी पावसाळा सरताना पेरतात आणि ती जमिनीतल्या ओलीवरच निघते. हे तिला कसं जमतं?

पान हवा आत घेतं ते पर्णरंध्रांतून. रंध्रं उघडली की कार्बन डायऑक्साइड आत येतो, पण पाणी बाहेर जातं. पाणी वाचवायला रंध्रं आवळली की आतला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि मग तो पकडणारं रुबिस्को नावाचं प्रथिन घोळ घालतं: कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडतं. कमाई सोडून खर्चच होतो. उन्हात हा घोळ वाढतो. गहू, हरभरा, तूर यांना तो सोसावा लागतो. ज्वारीने त्यावर वाट काढली आहे. तिच्या पानात पेशींचे दोन थर कामं वाटून घेतात. बाहेरच्या पेशींत दुसरंच एक विकर कार्बन डायऑक्साइड पकडतं, ज्याला ऑक्सिजनचा मोह होत नाही. त्यातून चार कार्बनांचा रेणू बनतो, तो आतल्या पेशींत पोचवला जातो, आणि तिथे कार्बन डायऑक्साइड पुन्हा मोकळा होतो. रुबिस्को याच आतल्या खोलीत बसलेलं असतं. आजूबाजूला कार्बन डायऑक्साइडची इतकी गर्दी असते की ऑक्सिजन पकडण्याची वेळ क्वचित येते. म्हणून रंध्रं कमी उघडी ठेवूनही ज्वारीचं भागतं. बाजरी, मका आणि ऊस यांचंही तंत्र हेच.

हे सगळं डोळ्यांनी दिसतं. हुरड्याच्या दिवसांत एका मुलीने शेतातून ज्वारीची आणि गव्हाची पानं आणली. बटाट्याच्या दोन फोडींमध्ये पान धरून ब्लेडने पातळ काप घेतले आणि ते पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ज्वारीच्या प्रत्येक शिरेभोवती मोठ्या हिरव्या पेशींचं कडं दिसलं. पुस्तकात याला 'क्रांझ' रचना म्हणतात, जर्मन भाषेत क्रांझ म्हणजे फुलापानांचं वलय. मुली म्हणाल्या, "शिरेला बांगडी घातलीय." गव्हात ती हिरवी बांगडी नव्हती. आमच्या पानावर आता मक्याच्या आकृतीखाली ज्वारीचा हा फोटो आहे, आणि त्याखाली 'बांगडी' हा शब्दही.

ज्वारीचा जीनोम, म्हणजे तिच्या डीएनएचा सगळा मजकूर, तोही खुला आहे, हे मुलांना सांगितलं की ती चकित होतात. गुणसूत्रांच्या 10 जोड्या, सुमारे 73 कोटी अक्षरं, 2009 साली प्रसिद्ध झालेला, कुणीही उतरवून घ्यावा असा. ही रीत आपोआप पडलेली नाही. मानवी जीनोमवर काम करणाऱ्या वैज्ञानिकांनी 1996 साली बर्म्युडा बेटावर बसून ठरवलं, की वाचलेला क्रम 24 तासांच्या आत सगळ्यांसाठी खुला करायचा. प्रथिनांच्या रचनांची 'प्रोटीन डेटा बँक' त्याहून जुनी. 1971 साली ती 7 रचनांवर सुरू झाली, आज तिथे 2 लाखांहून अधिक आहेत. हिमोग्लोबिनचा रेणू मोबाइलवर बोटाने फिरवून बघता येतो. सिकलसेलच्या आजारात त्याच्या साखळीतलं सहाव्या जागचं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. ती जागा मुलं स्वतः शोधतात.

माझा सगळ्यात आवडता तास मात्र डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा. डाळिंब आमच्या जिल्ह्याचं पीक. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही इथेच, केगावला आहे. सांगोला-पंढरपूरकडच्या मुलांना तेल्या शिकवावा लागत नाही. पानांवर तेलकट डाग, मग फळ तडकतं, आणि वर्षाची कमाई जाते, हे त्यांनी घरात पाहिलेलं असतं. हा रोग करणारा झँथोमोनास जिवाणू, त्याचा सुमारे 50 लाख अक्षरांचा जीनोम 2012 साली प्रसिद्ध झाला. मी मुलांना त्यातल्या एका जनुकाचा तुकडा देते, नाव न सांगता. ती तो 'ब्लास्ट' या खुल्या शोधयंत्रात टाकतात. 1990 साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत, तुमचा तुकडा जगभरच्या साठ्यातल्या तुकड्यांशी ताडून बघते आणि थोड्या वेळात यादी समोर ठेवते. यादीत तेल्याचा जिवाणू येतोच. पण त्याच्या अगदी खेटून येतो तो लिंबावरच्या खैऱ्या रोगाचा जिवाणू. दोघांचा क्रम जवळजवळ सारखा. एक मुलगा ताडकन म्हणाला, "म्हणजे भाऊच की हो हे!" वैज्ञानिकही आता तेल्याच्या जिवाणूला खैऱ्याच्याच जातीखाली धरू लागले आहेत. लिंब आणि डाळिंब शेजारी असलेल्या घरातल्या पोराने हे स्वतःच्या मोबाइलवर काढलं.

साधनं आणखी पुष्कळ आहेत. भारत सरकारचं 'दीक्षा' हे ऑनलाइन शिक्षण-व्यासपीठ, त्याआधी 2013 साली सुरू झालेलं मुक्त साधनांचं राष्ट्रीय भांडार, पक्ष्यांच्या आवाजांचं 'झेनो-कँटो'. स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांच्या गटाने 2014 साली कागदाच्या घडीतून बनणाऱ्या 'फोल्डस्कोप'ची रचना प्रसिद्ध केली. 140 पट मोठं दाखवणारा तो सूक्ष्मदर्शक दप्तरात मावतो. तळ्याकाठच्या हिरवट पाण्याचा थेंब त्याखाली ठेवला की वर्गात शांतता पसरते.

सगळंच उघडं ठेवायचं नसतं, हेही मुलांना सांगावं लागतं. 'आयनॅचरलिस्ट' या संकेतस्थळावर आपण दिसलेल्या प्राण्या-वनस्पतींची फोटोसह जागा नोंदवतो, पण संकटग्रस्त जातींची नेमकी जागा तिथे आपोआप झाकली जाते. नकाशावरचा ठिपका साधारण 20-22 किलोमीटरच्या चौकटीत कुठेही पडतो. शिकाऱ्याला पत्ता मिळू नये म्हणून. माळढोकाच्या शेजारी राहणाऱ्यांना याचं कारण लगेच पटतं.

भाषेचा प्रश्न मात्र सगळ्यात मोठा. सोलापूरच्या एकाच वर्गात मराठी, कानडी आणि तेलुगू बोलणाऱ्या घरांतली मुलं असतात. यंत्राकडून भाषांतर मिळतं, पण 'पर्णरंध्र' आणि 'हरितलवक' हे शब्द योग्य जागी पडले का, हे बघायला माणूसच लागतो. आम्ही वाक्यं सोपी ठेवली, पारिभाषिक शब्द तसेच ठेवले आणि नव्या शब्दाशेजारी घरातला शब्द दिला. ज्वारीच्या पानावर 'जोळ' आहे, 'जोन्नलू' आहे. ते मी लिहिले नाहीत, मुलांनी घरी आजीला विचारून आणले.

बांगडीचा तो फोटो आता विकिमीडिया कॉमन्स या खुल्या चित्रांच्या साठ्यावर ठेवायचा आहे. परवाना निवडायच्या दिवशी त्या मुलीचे वडील तिला घ्यायला आले होते, ते आत येऊन बसले. "मग हा कुणीपण घेणार?" त्यांनी विचारलं. कुणीही घेईल, छापेल, वर दुसऱ्या भाषेत नावं लिहील. खाली तिचं नाव ठेवावं लागेल, एवढं मी सांगितलं. त्यांनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हे आपल्या वरच्या तुकड्यातलं ताट आहे का?" ती हो म्हणाली. वर्णनाच्या चौकटीत आम्ही ते लिहिलं: मालदांडी ज्वारी, कोरडवाहू, सोलापूर जिल्हा.