बोडरूम (प्राचीन हालिकार्नासस)

तुर्कस्तानच्या नैऋत्य कोपऱ्यात, मुग्ला प्रांतात, एजियन समुद्रावरचं बंदर आणि सुट्टीचं गाव. गोकोवाच्या आखाताच्या तोंडाशी वसलंय, समोर ग्रीसचं कॉस बेट. पांढरी चौकोनी घरं, बोगनवेल, मरिना, बीच क्लब, रात्रभर चालणारं म्युझिक हे सगळं फोटोंतून माहीत असतंच, त्यामुळे त्यावर इथे फार लिहीत नाही. जुन्या जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक, राजा मॉसोलसची कबर, या गावात होती, आणि आज ती अर्धी जमिनीतल्या खड्ड्यात, थोडी किल्ल्याच्या भिंतीत आणि बरीचशी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बघावी लागते.

गाव मुळात कोणी वसवलं यावर एकमत नाही. परंपरा सांगते की ग्रीसमधल्या ट्रोइझेनहून आलेल्या डोरियन लोकांनी (ग्रीकांची एक शाखा). ग्रीक इतिहासकार हेरोडोटस इथलाच (जन्म अंदाजे इ.स.पू. 484), त्याने दिलेली हकीगत अशी की सहा डोरियन शहरांचा एक गट होता, त्यांच्या खेळांत जिंकलेली तिपाई अपोलोच्या देवळात ठेवायचा नियम होता, पण हालिकार्नाससच्या एका गड्याने ती सरळ घरी नेऊन टांगली म्हणून शहराला गटातून काढलं. गोष्ट मजेशीर आहे, पण इ.स.पू. 5व्या शतकातले इथले शिलालेख आयोनियन या दुसऱ्या ग्रीक शाखेच्या बोलीत आहेत आणि त्यांत कॅरियन, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, नावं भरपूर आहेत, तेव्हा शहर बऱ्याच आधीपासून मिश्र वस्तीचं होतं आणि तिपाईची गोष्ट हे मागून जोडलेलं कारण असावं, हे मत जास्त पटतं.

मॉसोलस (सत्ताकाळ इ.स.पू. 377 ते 353) हा नावाला इराणच्या बादशहाचा सुभेदार, पण वागायचा राजासारखाच. त्याने राजधानी मिलासाहून, म्हणजे आजच्या मिलासहून, इथे आणली आणि शहर नव्याने आखलं. कबर त्याच्या बायकोने, जी त्याची सख्खी बहीणही होती त्या आर्टेमिसियाने, शोकात बांधली असं रोमन लेखक प्लिनी म्हणतो आणि टूर गाइडही तेच सांगतात. पण ती नवऱ्यानंतर जेमतेम दोनेक वर्षं जगली, आणि कबरीचं आवार नव्या शहराच्या आखणीत नेमकं बसतं, त्यामुळे काम मॉसोलस जिवंत असतानाच सुरू झालं असावं. (ग्रीकांविरुद्धच्या सलामिसच्या लढाईत इराणचा बादशहा झर्क्सेसच्या बाजूने जहाजं घेऊन उतरलेली आर्टेमिसिया वेगळी, ती सव्वाशे वर्षं आधीची.)

कबर दिसायची कशी, हा वाद काही संपत नाही. प्लिनीचे आकडे असे: उत्तर आणि दक्षिण बाजू 63 फूट, बाकीच्या दोन त्याहून कमी, एकूण परीघ 440 फूट, 36 खांब, वर 24 पायऱ्यांचा पिरॅमिड, त्यावर संगमरवरी चार घोड्यांचा रथ, सगळी मिळून उंची 140 फूट. आता 63 फूट ही लांब बाजू धरली तर परीघ 252च्या आतच राहतो, 440 येणार कुठून? काहींनी हस्तलिखितातला आकडाच चुकलाय म्हणून तो बदलला, काहींनी 63 हे खांबांच्या आतल्या खोलीचं माप मानलं. 1966 ते 1977 मध्ये क्रिस्टियान येप्पेसन यांच्या डॅनिश पथकाने खणलं तेव्हा खडकात कापलेला पाया अंदाजे 38 बाय 33 मीटर निघाला, म्हणजे परीघ 142 मीटरच्या आसपास, आणि जुना फूट साधारण 32 सेंटिमीटरचा धरला तर 440 फूट बरोबर जुळतात. म्हणजे परीघाचा आकडा खरा मानायला हरकत नाही, घोळ 63 मध्येच आहे. खांब लांब बाजूला 11 आणि आखूड बाजूला 9, कोपरे दोनदा न मोजता 36, ही मांडणी आता बहुतेकांना मान्य आहे.

पडझड कधी झाली तेही नक्की नाही. 12व्या शतकात बायझंटाइन विद्वान युस्टाथियस ते आश्चर्य अजून आहे अशा भाषेत लिहितो, आणि 1402 मध्ये तैमूरने इझमीर घेतल्यामुळे नाइट्स हॉस्पिटलर (ख्रिस्ती लढवय्यांचा धर्मसंघ) त्यानंतर इथे किल्ला बांधायला आले तेव्हा ते ढिगाऱ्यातूनच दगड उचलत होते. मधल्या काळात भूकंपांनी इमारत पाडली, असं धरतात. 1522 मध्ये ऑटोमन सुलतान सुलेमानच्या हल्ल्याच्या धास्तीने डागडुजी करताना नाइट्सनी संगमरवर भाजून चुना केला आणि दफनाची खोली उघडली, रात्रीतून कोणीतरी ती लुटली, असं 1581च्या एका पुस्तकात आहे, पण ते ऐकीव. 1857 मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ चार्ल्स न्यूटनने खणून काढलेले पुतळे लंडनला गेले. त्यातल्या दोन मोठ्या पुतळ्यांना मॉसोलस आणि आर्टेमिसिया म्हणायची पद्धत पडलीय, पण आज जाणकार ते राजघराण्यातले कोणीतरी एवढंच म्हणतात.

त्यामुळे बघायला जाताना आधी कबरीची जागा, मग किल्ला, हा क्रम बरा. जागेवर खड्डा आणि विखुरलेले दगडच आहेत, बरेच लोक पाच मिनिटांत नाराज होऊन निघतात. पण तिथला हिरवट ज्वालामुखी दगड नीट पाहून ठेवला की तोच किल्ल्याच्या भिंतींत ओळखू येतो. किल्ल्यात पाण्याखालच्या पुरातत्त्वाचं म्युझियम आहे. तुर्कस्तानच्याच दक्षिण किनाऱ्यावरच्या काश गावाजवळ उलुबुरुनला 1982 मध्ये स्पंज काढणाऱ्या पाणबुड्याला दिसलेलं, इ.स.पू. 14व्या शतकाच्या अखेरचं जहाज आणि त्यातला सुमारे 10 टन तांब्याचा माल हे तिथलं मुख्य आकर्षण. याशिवाय डोंगरउतारावरचं थिएटर आणि अलेक्झांडरच्या इ.स.पू. 334च्या वेढ्यात गाजलेला शहराच्या तटाचा मिंडोस दरवाजा.

ऑटोमन काळातलं बोडरूम म्हणजे मासेमारी, स्पंज आणि जहाजबांधणीवर जगणारं छोटं गाव, त्याबद्दल सांगण्यासारखं कमीच मिळतं. 1925 मध्ये लेखक जेवात शाकिर यांना एका लेखापायी इथे हद्दपार केलं, शिक्षा संपल्यावर ते उलट इथेच राहायला आले आणि ‘हालिकार्नासचा कोळी’ या नावाने लिहू लागले. मित्रांना घेऊन ते लाकडी होड्यांतून किनाऱ्याने फिरायचे, आजच्या गुलेत (लाकडी शिडाची बोट) क्रूझचं मूळ तेच.

विमानतळ मिलासच्या बाजूला, गावापासून साधारण 35 किलोमीटरवर. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा, गर्दी आणि दर तिन्ही चढलेले असतात, अवशेष बघायचे तर मे किंवा ऑक्टोबर चांगला. फेरीने कॉस बेट तासाभराच्या आत येतं, पण तो ग्रीस, म्हणजे शेंगेन व्हिसा हवा, आणि तुर्कस्तानचा व्हिसा सिंगल एन्ट्री असेल तर संध्याकाळी परत आत येता येणार नाही, हे आपल्याकडच्या पासपोर्टवाल्यांनी तिकीट काढायच्या आधीच बघावं.