डायरेक्ट रिअ‍ॅक्टची बॅच लावायच्या आधी हे वाचा

"सर, डायरेक्ट रिअ‍ॅक्ट शिकवता का?" जळगावातूनच नाही तर भुसावळ, चोपडा, अमळनेरहूनही हाच फोन येतो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

शिकवतो. पण जावास्क्रिप्ट (वेबसाइट चालती करणारी प्रोग्रामिंग भाषा) येत नसेल तर त्या बॅचला बसवत नाही. रिअ‍ॅक्ट 2013 ला आलं, ती जावास्क्रिप्टचीच लायब्ररी (तयार कोडचा संच) आहे, वेगळी भाषा नाही. फंक्शन, अ‍ॅरे, फेच असलं जावास्क्रिप्टचं बेसिक माहीत नसलं की एरर आल्यावर चूक कुठली तेच कळत नाही, मग पोरं व्हिडिओतला कोड जसाच्या तसा टाइप करतात, चालला की खूश, आणि दोन ओळी बदला म्हटलं की अडतात. दुसरीकडे फी भरून अशी पोरं आमच्याकडे येतात तेव्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं, गेलेले महिने कोण देणार?

म्हणून आम्ही आधी एक छोटं काम देतो. केळीचा भाव आणि क्विंटल टाकले की रक्कम दाखवणारं पान बनवा, नुसतं एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, एआय बंद ठेवून. दोन गाड्यांचं वजन 80 आणि 90 टाकलं आणि बेरीज 170 न येता 8090 आली, तर का आली हे सांगता आलं पाहिजे (इनपुटमधून आकडा नाही, टेक्स्ट येतो). एवढं जमलं की रिअ‍ॅक्ट भराभर होतं.

काही पालकांना वाटतं हे फी वाढवायला चाललंय. तसं नाही, एमडीएन आणि फ्रीकोडकॅम्प या शिकायच्या साइट फुकट आहेत, घरी करून या, बेसिक बॅचची फी वाचेल. इंग्रजी जड जात असेल तर आमची बेसिक बॅच आहे, मराठीतून, आणि प्रत्येकाचं पान गिटहब पेजेसवर (साइट फुकट ठेवायची जागा) लाइव्ह टाकून देतो.

आयटी कन्सल्टिंगचं (गिऱ्हाइकाला नेमकं काय लागतं ते ओळखून सल्ला द्यायचं काम) विचारता, तर ते नुसता क्लास लावून येत नाही. दालमिलवाले शेठ वेबसाइट मागतात, पण समोर बसून विचारलं की कळतं त्यांचा गोडाऊनचा स्टॉक टॅलीशी जुळत नाही, वेबसाइट आत्ता नकोच आहे. हे त्यांना तोंडावर सांगता आलं पाहिजे, आणि डोमेन (साइटचा पत्ता) घेतलंच तर गिऱ्हाइकाच्याच नावावर घ्यायचं हेही. स्वतः साइट बनवून चालवल्याशिवाय ही समज येत नाही, म्हणून बॅच झालेल्या पोरांना आम्ही मीटिंगला सोबत नेतो.

डेमो लेक्चरला पैसे नाहीत. येताना ते केळीचं पान घेऊन या, अर्धवट असलं तरी चालेल, लॅपटॉप नसेल तर इथला वापरा.